डाग काढण्याचा घरगुती धंदा: दर सांगण्याआधी डाग ओळखा



या आठवड्याच्या व्हिडिओत कपड्यावरचे हट्टी डाग घरच्या घरी, कमी खर्चात कसे काढायचे ते हाताने करून दाखवलं आहे. हा लेख म्हणजे त्याच धड्याचा लेखी भाग. व्हिडिओत कृती दिसते, पण हिशोब, पावती आणि डागांचे गट पुन्हा पुन्हा बघावे लागतात. म्हणून हे वहीत उतरवून घ्या आणि कामाच्या जागी भिंतीला लावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. या धंद्यात सामान स्वस्त असतं आणि कपडा महाग असतो. लिंबू, व्हिनेगर, भांड्यांचं लिक्विड हे सगळं कुणाच्याही घरात मिळतं. मग ग्राहक तुम्हाला पैसे का देईल? डाग कशाचा आहे, कापड कोणतं आहे आणि हा डाग जाईल की नाही, हे तुम्हाला हात लावण्याआधी सांगता येतं म्हणून. नफा त्या ओळखीत आहे. ती नसेल तर एकच बिघडलेली साडी तुमची तीन महिन्यांची कमाई घेऊन जाईल. कशी, ते पुढे आकड्यांत बघू.

१. दिव्यासारख्या ठिकाणी हे काम का जमतं?

लाँड्री काढायची म्हटलं की मशीन, भरपूर पाणी आणि कपडे वाळवायला मोकळी जागा लागते. दिव्यात राहणाऱ्यांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. टँकरची वाट बघत ड्रम भरून ठेवणाऱ्या घरात रोजचे पन्नास कपडे धुणं शक्य नाही. पण डाग काढायला अख्खा कपडा भिजवावा लागत नाही. बहुतेक वेळा दोन-चार तांबे पाणी, एक वाटी, एक टूथब्रश आणि दोन पांढरी फडकी एवढ्यात भागतं. म्हणून आपण ‘कपडे धुऊन मिळतील’ असा बोर्ड लावायचाच नाही. ‘फक्त डाग काढून मिळतील’ असा लावायचा.

गिऱ्हाईकही आजूबाजूलाच आहे. रोज गर्दीच्या लोकलने ऑफिसला जाणाऱ्याच्या शर्टावर दुसऱ्याच्या डब्यातलं तेल, पेनाची शाई किंवा दाराचं ग्रीस लागतं. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर वरण सांडतं. आगरी-कोळी लग्नातली हळद म्हणजे तर मोठा सोहळा. दुसऱ्या दिवशी घरोघरी पिवळे कपडे. दिव्याहून सावंतवाडीला गाडी जाते, त्यामुळे गावाहून येताना काजूचा आणि केळीचा चीक लागलेले कपडेही येतात. प्रत्येक डागाचा स्वभाव वेगळा असतो. तो शिकलात की निम्मा धंदा शिकलात.

२. कपडा हातात घेतल्यावर तीन प्रश्न

पहिला प्रश्न: डाग कशाचा? ग्राहकाला सरळ विचारा. ‘माहीत नाही’ म्हणाला तर वास घ्या आणि बोट फिरवून बघा. चिकट आहे, कडक आहे की कापडातच रंग मुरलाय?

दुसरा प्रश्न: कापड कोणतं? कॉलरच्या किंवा आतल्या शिवणीच्या लेबलवरची चिन्हं वाचायला शिका. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच नको. टबावर फुली म्हणजे पाण्यात धुवायचं नाही. नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनचं काम. लेबल नसेल तर रेशीम, लोकर, जरीचं काम आणि टिकल्या-खडे हे सगळं ‘जोखीम’ या खात्यात टाका.

तिसरा प्रश्न: आधी काय काय केलं? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गरम पाण्याने धुतलं का? इस्त्री फिरवली का? ब्लीच लावलं का? उष्णतेने बरेच डाग कापडात पक्के बसतात. डागावर इस्त्री फिरली असेल तर तुमची यशाची शक्यता कमी होते आणि हे ग्राहकाला आधीच सांगायला हवं.

यानंतर रंगाची चाचणी. आतल्या शिवणीवर, जिथे दिसणार नाही तिथे, वापरायच्या पाण्याचा थेंब टाका. पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबा. फडक्याला कपड्याचा रंग लागला तर तिथेच थांबा. ही पाच मिनिटं वाचवणारे लोकच पुढे भरपाई देतात.

३. डागांचे सहा गट

गट १: रक्त, दूध, अंडं, घाम. हे प्रथिनांचे डाग. अंडं उकळल्यावर जसं घट्ट होतं तसं गरम पाण्याने हे डाग कापडात घट्ट होतात. म्हणून फक्त थंड पाणी. उलट्या बाजूने पाणी सोडा, मग एन्झाइमवाल्या डिटर्जंट पावडरच्या थंड पाण्यात तो भाग भिजवा. जुना डाग असेल तर काही तास लागतात. पांढऱ्या सुती कपड्यावर शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. मेडिकलमधल्या बाटलीवरची टक्केवारी वाचा. ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा. रेशीम आणि लोकर हीसुद्धा प्रथिनंच आहेत, त्यामुळे एन्झाइमवाली पावडर त्यांच्यावर वापरायची नाही.

गट २: तेल, तूप, ग्रीस, शिलाई मशीनचं तेल. आधी पाणी लावायचं नाही. ताज्या डागावर टाल्कम पावडर पसरून अर्धा तास ठेवा, ती तेल शोषते. मग पावडर झटकून भांड्यांचं लिक्विड थेट डागावर लावा, बोटाने हलकं फिरवा, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. एकदा नाही गेलं तर पुन्हा करा. दोनदा हलकं करणं हे एकदा जोरात घासण्यापेक्षा बरं, कारण घासल्याने कापडाचा पोत जातो आणि डागाऐवजी पांढुरका पट्टा दिसतो.

गट ३: हळद, वरण, रस्सा. यात दोन डाग आहेत, तेल आणि हळद. क्रम चुकवू नका. आधी गट २ प्रमाणे तेल काढा. हळदीवर साबण लागला की ती लाल होते. घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीमध्ये लाल होतं. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करतात ते याच गुणावर. नीट खळबळलं की डाग पुन्हा पिवळा होतो. आता सर्जिकल स्पिरिट लावलेल्या फडक्याने टिपा, कारण कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही पण स्पिरिटमध्ये विरघळतं. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा. कर्क्युमिन उजेडात तुटतं. ओला कपडा डाग वर करून उन्हात टाकला की रंग उतरत जातो. दोन-तीन उन्हं लागतात, खर्च शून्य. रंगीत कपड्याचा स्वतःचा रंगही उन्हात उतरू शकतो, म्हणून तिथे थोडा थोडा वेळच ठेवा. पावसाळ्यात ही सोय नाही, तेव्हा हळदीच्या कामाला मुदत जास्त सांगा.

गट ४: चहा, कॉफी, जांभूळ, पानाचा रंग. हे टॅनिनचे आणि वनस्पतींच्या रंगाचे डाग. धुण्याच्या साबणाची वडी इथे घासू नका, डाग पक्का होऊ शकतो. आधी भरपूर साधं पाणी, मग लिक्विड डिटर्जंट, मग पाण्यात पातळ केलेलं पांढरं व्हिनेगर. आपल्या चहात दूध असतं, म्हणून सुरुवात थंड पाण्यानेच. उरलेल्या डागाला ऑक्सिजनवाली डाग काढायची पावडर कोमट पाण्यात लावा. ही पावडर पाण्यात गेल्यावर पेरॉक्साइड सोडते. रेशीम आणि लोकरीवर तीही नको. पानात कात आणि चुना दोन्ही असतात, त्यामुळे पानाच्या जुन्या डागाला ‘फिका होईल’ एवढंच वचन द्या.

गट ५: बॉलपेनची शाई. डागाखाली जाड फडकं ठेवा. वरून स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दाबा, घासू नका. शाई खालच्या फडक्यात उतरते. फडक्याची जागा बदलत राहा, नाहीतर उतरलेली शाई पुन्हा कपड्याला लागेल.

गट ६: गंज. खिळा, लोखंडी कपाट, जुना हँगर यांचे तपकिरी ठिपके. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवा, मग नीट धुवा. गंजावर क्लोरीन ब्लीच कधीही लावू नका. डाग जाण्याऐवजी पक्का होतो.

सगळ्या गटांसाठी एकच पद्धत: डागाच्या कडेकडून मध्याकडे काम करा म्हणजे डाग पसरत नाही. सौम्य उपायाने सुरुवात करा आणि एक उपाय संपला की पाण्याने पूर्ण धुतल्याशिवाय दुसरा लावू नका.

४. ‘नाही’ म्हणायची यादी

काही डाग दारातूनच परत पाठवायचे. केळीचा आणि काजूचा जुना, काळा पडलेला चीक. रेशमावर बसलेली मेंदी, कारण मेंदीचा रंग प्रथिनाला चिकटतो आणि रेशीम हे प्रथिनच आहे. दुसऱ्या कपड्याचा लागलेला रंग. पावसाळ्यात कपाटात पडलेले बुरशीचे जुने काळे ठिपके. आणि ब्लीच सांडून उडालेला रंग. तो डागच नाही, तिथे मूळ रंगच गेलेला असतो. तो परत आणता येत नाही, फार तर रंगाऱ्याकडे पाठवता येतो.

५. व्हिडिओतल्या फेसाला भुलू नका

सोशल मीडियावर खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवतात. दिसायला जादू, पण अल्कली आणि आम्ल एकमेकांना मारून टाकतात. उरतं बहुतांश खारं पाणी. सोडा वेगळा वापरा, व्हिनेगर वेगळं वापरा.

ही झाली फुकट गेलेल्या सामानाची गोष्ट. पुढची जिवाची आहे. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर मिसळलं की विषारी क्लोरीन वायू निघतो. ब्लीचमध्ये अमोनिया गेला तरी विषारी वायूच तयार होतो. दहा बाय दहाच्या बंद खोलीत, जिथे मुलंही झोपतात, तिथे हा धोका घेऊ नका. सुरुवातीचे सहा महिने क्लोरीन ब्लीच सामानात ठेवूच नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. स्पिरिट लवकर पेट घेतं, म्हणून गॅस चालू असताना ते उघडायचं नाही. खिडकी उघडी, हातात मोजे. आणि कोणतंही द्रव कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं नाही, कारण मूल ते सरबत समजून पिऊ शकतं.

६. आता हिशोब

खालचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या भागातले भाव घालून हाच हिशोब पुन्हा मांडा.

समजा एका डागाला सामान ५ रुपयांचं लागलं. हाताचं काम २० मिनिटं. तुमच्या तासाची किंमत १०० रुपये धरली तर मजुरी ३३ रुपये. पिशवी, पावती, फोन असे ५ रुपये. एकूण ४३. तुम्ही दर ठेवला ६० रुपये. मजुरी सोडून उरले १७ रुपये.

पण प्रत्येक डाग जात नाही. डाग गेला नाही तर फक्त २० रुपये तपासणी घ्यायची असं ठरवलं. दहांपैकी आठ गेले, दोन राहिले. जमा झाली ४८० अधिक ४०, म्हणजे ५२० रुपये. खर्च ४३० रुपये. दहा डागांमागे उरले ९०. म्हणजे डागाला १७ नव्हे, फक्त ९ रुपये.

आता ते दोन न जाणारे डाग तुम्ही दारातच ओळखून परत पाठवले असते तर? आठ डाग, प्रत्येकी १७, म्हणजे १३६ रुपये. काम कमी आणि शिल्लक जास्त! ‘नाही’ म्हणण्याने गिऱ्हाईक जातं असं वाटतं, पण वहीत उलटंच दिसतं.

आणि बिघडलेल्या कपड्याचं काय? ४,००० रुपयांच्या साडीचा रंग गेला आणि भरपाई द्यावी लागली, तर डागाला ९ रुपयांच्या हिशोबाने ४४५ डाग काढावे लागतील. रोज पाच डाग म्हणजे ८९ दिवस. मी सुरुवातीला तीन महिने म्हणालो ते यावरून. म्हणून पहिल्या वर्षी रेशीम, जरी आणि ‘लग्नातली साडी’ घ्यायची नाही. ओळखीच्या ताईंनी आग्रह केला तरी नाही. त्यांना चांगल्या ड्रायक्लीनरचं नाव सांगा, त्या नाराज होणार नाहीत.

७. पावती: धंद्याचं कवच

साध्या वहीत कार्बन घालून दोन प्रती करा. पावतीवर एवढं हवंच:

– कपडा, रंग, कापडाचा प्रकार आणि अंदाजे किंमत (ग्राहकाने सांगितलेली)
– डाग कुठे, किती, कशाचा
– आधी काय केलं होतं: गरम पाणी, इस्त्री, ब्लीच
– आधीपासूनची खोट: विरलेलं, फाटलेलं, रंग उडालेला
– अपेक्षा: ‘जाईल’, ‘फिका होईल’ किंवा ‘सांगता येत नाही’
– दर, परत देण्याचा दिवस आणि ग्राहकाची सही

सोबत मोबाईलवर उजेडात डागाचा फोटो काढा आणि ग्राहकाला तिथेच व्हॉट्सॲपवर पाठवा. म्हणजे ‘हे आधी नव्हतं’ हा वाद राहत नाही.

बरेच जण पावतीवर ‘आम्ही जबाबदार नाही’ असं छापतात आणि निर्धास्त होतात. पैसे घेऊन दिलेल्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. नुसतं तसं छापल्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. तुम्हाला वाचवेल ती चाचणी केल्याची नोंद आणि ग्राहकाला आधी सांगितलेली जोखीम.

८. गिऱ्हाईक कुठून येईल?

पहिला भागीदार म्हणजे तुमच्या बिल्डिंगखालचे इस्त्रीवाले काका. डाग इस्त्रीने पक्का होतो, म्हणून इस्त्रीच्या आधी कपडा तुमच्याकडे यायला हवा. त्यांना प्रत्येक कपड्यामागे ठरलेलं कमिशन द्या. त्यांचं नुकसान नाही, उलट त्यांची इस्त्रीही जास्त उठून दिसते.

दुसरे म्हणजे टेलर आणि लहान गारमेंट वर्कशॉप. नव्या ब्लाउजवर मशीनच्या तेलाचा ठिपका पडला तर तो माल अडतो. हे काम एकाच प्रकारचं असतं, त्यामुळे हात लवकर बसतो. तिसरे म्हणजे लग्नाच्या हंगामातले हळदीचे सुती कपडे. सोसायटीच्या ग्रुपवर हळदीच्या दुसऱ्याच दिवशी मेसेज टाका: ‘कपडे गरम पाण्यात घालू नका, इस्त्री करू नका, तसेच आणा.’ या एका ओळीने लोकांना उपयोगाचं काहीतरी मिळतं आणि तुमचं कामही सोपं होतं.

एकाच अडचणीवर उभा राहिलेला मोठा धंदा बघायचा असेल तर ‘उजाला’ बघा. केरळच्या एम. पी. रामचंद्रन यांनी १९८३ मध्ये ५,००० रुपयांच्या भांडवलावर ज्योती लॅबोरेटरीज सुरू केली. सगळं धुऊन देतो असं ते म्हणाले नाहीत. पांढरे कपडे पांढरे दिसत नाहीत, ही एकच तक्रार त्यांनी धरली. एक लक्षात घ्या, निळीने डाग जात नाही. ती फक्त पिवळेपणा डोळ्याला जाणवू देत नाही. ग्राहकाला हा फरक सांगणारा माणूस विश्वासाचा ठरतो.

९. कर्ज आणि योजना

या धंद्याचं सुरुवातीचं सामान इतकं थोडं आहे की कर्ज काढू नका. आधी शंभर डाग काढा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती सरकारी पोर्टलवर स्वतः करता येते, एजंटला पैसे देऊ नका.

जे आधीपासून परीट-धोबी कामात आहेत त्यांनी पीएम विश्वकर्मा योजना जरूर बघावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या १८ व्यवसायांत धोबीकाम आहे. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमधून होते. योजना प्रत्यक्ष हाताने हा व्यवसाय करणाऱ्या स्वयंरोजगारितांसाठी आहे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. जाण्याआधी त्या वेळचे नियम सेंटरवर विचारून घ्या.

१०. या आठवड्याचा गृहपाठ

१. जुन्या पांढऱ्या सुती चादरीचे आणि जुन्या टेरिकॉट शर्टाचे हातभर तुकडे कापा.
२. प्रत्येकावर वरण, चहा, खोबरेल तेल, बॉलपेन आणि हळद असे पाच डाग मुद्दाम पाडा. एक संच लगेच काढा, दुसरा तीन दिवसांनी.
३. प्रत्येक डागाला किती मिनिटं लागली, काय वापरलं आणि किती गेला हे वहीत लिहा. ‘पूर्ण’, ‘फिका’, ‘नाही’ असे तीनच शेरे.
४. त्या मिनिटांवरून तुमचा स्वतःचा दर काढा. शेजारच्याचा दर बघून ठरवू नका.
५. घरातल्या तीन कपड्यांची पावती भरून बघा.

ही वही पूर्ण झाल्याशिवाय परक्याचा एकही कपडा घ्यायचा नाही. वही भरली की खाली इस्त्रीवाल्या काकांकडे जा आणि तुमचे आधीचे-नंतरचे तुकडे दाखवा. पहिलं काम तिथूनच येईल. पुढच्या धड्यात या कामासाठी महिन्याची जमा-खर्च वही कशी ठेवायची ते बघू.